हे हाड गुहेत आणलं कुणी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करणारा एक विद्यार्थी मित्रांबरोबर आंध्रातल्या कर्नूल भागातल्या, बेतमचेर्लाजवळच्या बिल्लसुरगम गुहा पाहायला गेला होता. तिथे मिळालेल्या एका हाडाचा फोटो त्यानं पाठवलाय. हाडाच्या कडेवर ओळीनं कापल्यासारखे वण आहेत. हे वण आदिमानवाच्या दगडी सुरीचे आहेत का, प्रागैतिहासिक गुहांमधल्या हाडांचा अभ्यास नेमका करतात कसा, आणि महाराष्ट्रात एवढी लेणी असताना असा अभ्यास आपल्याकडे फारसा ऐकू का येत नाही, असं त्यानं विचारलंय.

पहिल्याचं उत्तर आधी देऊन टाकते. सुरी नाही, साळिंदर.

फोटो मोठा करून पाहा. वण रुंद आहेत, त्यांचा तळ सपाट आहे, ते जोडीजोडीनं एकमेकांना खेटून आलेत आणि सगळे हाडाच्या तुटक्या कडेवरून आत सरकलेत. सुतारानं पटाशी चालवल्यावर लाकडात खोबण उठते, अगदी तशी. साळिंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात. ते झिजवायला आणि हाडातले क्षार मिळवायला ते हाडं कुरतडतं, बिळात किंवा गुहेत नेऊन साठवतंही. गंमत म्हणजे ताज्या, चरबी असलेल्या हाडापेक्षा त्याला वाळून खडखडीत झालेलं हाड जास्त आवडतं. तुमच्या हाडावर लांबीच्या दिशेनं बारीक तडे आहेत. असे तडे ऊन-पाऊस खात उघड्यावर पडलेल्या हाडाला जातात. गुहेच्या आतल्या अंधारात ते सहजी पडत नाहीत. म्हणजे हाड आधी बाहेर वाळलं आणि मग कुणीतरी आत ओढलं. एवढ्यावर मी पैज लावीन.

(हाड उचलायला नको होतं, हे तुम्हालाही एव्हाना कळलं असेल. जिथून उचललं ती जागा आठवत असेल तर आजच लिहून काढा.)

आता मुख्य प्रश्न. नवीन विद्यार्थी आला की हाड हातात घेऊन पहिलं विचारतो, ‘कुठलं जनावर?’ गुहेतल्या हाडाला तो दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न, हे इथे आणलं कुणी? गुहा म्हणजे जुनी चाळ आहे. भाडेकरू बदलत राहतात आणि प्रत्येकजण आपला कचरा मागे टाकून जातो. दोन महिने तरस पिल्लं घेऊन राहिलं, मग साळिंदर आलं, वर कपारीत घुबड बसलेलंच आहे, छताला वटवाघळं, कधी बिबट्यानं शिकार आत ओढली, आणि मधूनच चार रात्री माणसं मुक्काम करून गेली. छताला भोक असेल तर वरून चरता चरता पडून मेलेली जनावरं वेगळीच. हजारो वर्षांत हे सगळं एकाच वीतभर थरात दाबलं जातं. त्या थरात दगडी हत्यार आणि चितळाचं हाड शेजारी शेजारी सापडलं म्हणून हत्यारवाल्यानं चितळ खाल्लं असं होत नाही. दूधवाला आणि पोस्टमन एकाच दाराशी येतात, पण त्यांची एकमेकांशी ओळख असतेच असं नाही.

हा प्रश्न नीट विचारणारा पहिला माणूस म्हणून मी इंग्रज भूगर्भशास्त्रज्ञ विल्यम बकलंड यांचं नाव घेईन. १८२१ साली इंग्लंडमधल्या यॉर्कशायरमध्ये कर्कडेल इथे खाणकामगारांना एक गुहा लागली. आत हत्ती, गेंडा, पाणघोडा आणि ढिगानं तरसांची हाडं. महाप्रलयानं ही जनावरं तिथे वाहून आली, असं म्हणणं त्या काळी सोपं होतं. बकलंड यांना त्या अरुंद तोंडातून हत्ती आत जाईल हे पटेना. हाडांवर दातांचे वण होते आणि वाळलेले पांढरे गोळे सापडले होते. लंडनमधल्या एका प्राणिसंग्रहालयाच्या रखवालदारानं ते गोळे पाहताच तरसाची विष्ठा म्हणून ओळखले. मग बकलंड यांनी जिवंत तरसाला बैलाच्या तंगडीचं हाड खायला घातलं आणि उरलेले तुकडे गुहेतल्या तुकड्यांशेजारी ठेवून पाहिले. सारखेच! या कामासाठी रॉयल सोसायटीनं त्यांना १८२२ सालचं कोप्ली पदक दिलं. आजही आम्ही करतो ते याहून फार वेगळं नाही, फक्त सूक्ष्मदर्शक चांगले आलेत.

तरीही पुढची माणसं चुकलीच. दक्षिण आफ्रिकेतल्या माकापान्सगात गुहेत शरीरशास्त्रज्ञ रेमंड डार्ट यांना फोडलेल्या हाडांचे ढीग सापडले. काही अवयव भरपूर होते, काही जवळजवळ नव्हतेच. डार्ट म्हणाले, ही निवड आहे. आपले पूर्वज हाडं, दात आणि शिंगं हत्यारं म्हणून वापरत, शिकारी होते, एकमेकांनाही मारत. कल्पना लोकांना भलतीच आवडली. चार्ल्स ब्रेन यांनी मात्र नामिबियातल्या कुइसेब नदीकाठच्या वस्त्यांवर जाऊन साधं निरीक्षण केलं. तिथले लोक बकऱ्या खात, हाडं फेकत आणि कुत्री ती चावत. उरलेली हाडं ब्रेन यांनी गोळा करून मोजली. पुढच्या पायाच्या वरच्या हाडाचं खालचं टोक भरपूर, वरचं टोक गायब. माकापान्सगातसारखंच! कारण साधं आहे. खालचं टोक घट्ट असतं आणि लहान वयातच हाडाशी जुळतं. वरचं टोक स्पंजासारखं, उशिरा जुळणारं. कुत्र्याच्या जबड्यात ते बिस्किटासारखं जातं. निवड पूर्वजांनी केली नव्हती, हाडाच्या घट्टपणानं केली होती. पुढे ब्रेन यांनी स्वार्टक्रान्स गुहेतल्या एका लहान मानवसदृशाच्या कवटीवरची दोन भोकं बिबट्याच्या खालच्या सुळ्यांत बरोबर बसतात हे दाखवलं. तिथे हे मानवसदृश शिकारी नव्हते, शिकार होते.

विद्यार्थिदशेत मी हा प्रयोग एका ढाब्यामागे करून पाहिला होता. मालकाला वाटलं आरोग्य खात्यातली बाई आली. पंधरा दिवस रोज सकाळी हाडं वेचली, आणि ब्रेन यांनी सांगितलेलं टोक खरोखर सापडेना. पुस्तकात दहा वेळा वाचण्यापेक्षा ते एकदा न सापडणं माझ्या जास्त लक्षात राहिलं.

तुम्ही गेलात त्याच गुहांकडे येते. कॅप्टन न्यूबोल्ड यांनी १८४४ साली इथल्या हाडांबद्दल लिहिलं. मग भूगर्भ सर्वेक्षणातले रॉबर्ट ब्रूस फूट, ज्यांना १८६३ मध्ये चेन्नईजवळ पल्लावरमला भारतातलं पहिलं पुराश्मयुगीन हत्यार मिळालं होतं, आणि त्यांचा लष्करात असलेला मुलगा हेन्री यांनी १८८३ ते १८८५ च्या दरम्यान बिल्लसुरगम खणलं. गुहांच्या दालनांना त्यांनी चर्चमधल्या जागांची नावं दिली. हाडांनी भरलेल्या एकाला तर ‘चार्नेल हाउस’, म्हणजे अस्थिघर. हाडं जीवाश्मतज्ज्ञ रिचर्ड लिडेकर यांच्याकडे गेली आणि १८८६ मध्ये त्यांनी यादी छापली. वाघ, बिबट्या, अस्वल, नीलगाय, सांबर, चितळ, चौसिंगा, काळवीट, रानडुक्कर आणि चक्क गेंडा. कर्नूलच्या नावानं त्या गेंड्याची वेगळी जात नोंदवली गेली. मला यादीतलं सगळ्यात कौतुक वाटतं ते घुशी, उंदीर आणि वटवाघळांचं. चाळण्यांचा आग्रह नसलेल्या त्या काळात कुणीतरी नखाएवढी हाडं वेचून जपली होती.

फूट यांनी इथून हाडांची हत्यारंही नोंदवली. पुढे १९७० च्या दशकात पुरातत्त्वज्ञ एम. एल. के. मूर्ती यांनी जवळच्याच मुच्चट्ला चिंतामानू गवीत (गवी म्हणजे गुहा) उत्खनन केलं. तिथेही हाडांची हत्यारं आणि एक चूल मिळाली. चुलीचा काळ सुमारे १७,४०० वर्षांपूर्वीचा निघाला. हाडाच्या हत्यारांचा दावा आला की माझा हात आधी साळिंदराच्या फायलीकडे जातो, कारण लिडेकरांच्या यादीत साळिंदरही आहेच. टोकदार हाड हत्यार असू शकतं, कुरतडलेलं असू शकतं, नुसतं तुटलेलंही असू शकतं. टोकावर घासल्याच्या रेषा एकाच दिशेनं आहेत का, झिलई फक्त टोकालाच आहे की सगळ्या हाडाला, हे प्रत्येक तुकड्यावर वेगळं तपासावं लागतं. मोघम ‘हाडांची हत्यारं मिळाली’ हे वाक्य मला कधीच पुरत नाही.

बिल्लसुरगमची कहाणी एवढ्यावर संपली नाही. पुन्हा उत्खनन झालं, थरांचे काळ ठरवले गेले आणि २०१४ मध्ये निष्कर्ष छापून आले. ओळखता आलेल्या २१ सस्तन प्राण्यांपैकी २० गेली किमान १ लाख वर्षं, काही तर २ लाख वर्षं, भारतात टिकून आहेत. जो गेला तो आज इथिओपियात राहणाऱ्या गेलाडा वानराचा भाऊबंद. अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात याच काळात मोठी जनावरं झपाट्यानं नाहीशी झाली. आपल्याकडे बहुतेकांनी तग धरला, फक्त त्यांचा मुलूख बदलला. गेंडा आज आसामात पाहायला जावं लागतं, तो एके काळी कर्नूलमध्ये होता. हाडं मोजून काय मिळतं असं कुणी विचारलं की मी हे सांगते.

आता टेबलावर या. समजा साडेचार सेंटिमीटरचा एक तुकडा आहे, चितळाएवढ्या जनावराच्या मागच्या पायाच्या नळीचा. मी टॉर्च एका बाजूनं अगदी आडवी धरते, म्हणजे खड्ड्यांत सावली पडते, आणि दहापट भिंग लावते. पहिली नजर तुटलेल्या कडेवर. कड गुळगुळीत आणि तिरकी, पिळवटल्यासारखी गेली असेल तर हाड ताजं असताना फुटलंय. कड काटकोनात आणि खरखरीत असेल तर वाळल्यावर, मातीच्या वजनानं. मग कडेवर अर्धगोल खपली उडालीये का पाहते. दगडानं ठेचलं की ती उडते. माणूस नळी मधोमध फोडतो, मज्जा काढतो आणि टाकून देतो. मटण खाताना आपणही नळी ताटावर आपटतोच की. तरस टोकांपासून चावत येतं, म्हणून त्याच्या मागे बहुतेक वेळा दोन्ही टोकं गेलेली पोकळ नळकांडी उरतात.

मग पृष्ठभाग. दगडी सुरीचा वण अरुंद असतो, आडव्या छेदात इंग्रजी व्ही अक्षरासारखा, आणि आत बारीक समांतर रेघा दिसतात, कारण दगडाची धार सरळ नसते. मांसभक्षकाच्या दाताचा वण रुंद, तळ गोलसर. जनावरांच्या पायाखाली वाळूत रगडलेल्या हाडावर ओरखडे उथळ आणि वाटेल त्या दिशेनं. झाडाच्या मुळांनी हाडावर केलेली नक्षी फांद्यांसारखी फुटत जाते. आणि खणताना लागलेल्या थापीचा वण फिकट दिसतो, कारण बाकीचं हाड मातीनं रंगलेलं असतं आणि तो वण कालचा असतो. जुन्या वणाचा तळही हाडाच्याच रंगाचा हवा. टूथब्रशनं घासून धुतलेली हाडं माझ्याकडे आली की मी पहिल्यांदा चहा मागवते.

वण कुठे आहे हे तो कसा आहे याइतकंच महत्त्वाचं. सांध्याभोवती, स्नायू चिकटतो तिथे वण असेल तर खाटकाचं डोकं त्यामागे आहे. जिथे कापून काहीच मिळत नाही अशा जागी एकटा वण असेल तर मी शंका घेते.

माझी एक जुनी चूक सांगते. पहिल्याच वर्षी एका गुहेतल्या थरातून काळी कुळकुळीत हाडं निघाली. मी आनंदानं नोंद केली: ‘भाजलेली, चुलीजवळची.’ आमचे मार्गदर्शक आले, त्यांनी एक निरुपयोगी खपली उचलली आणि बोटांत मोडली. आतून साय रंगाची! काळेपणा नुसता वरच्या कातडीवर होता, ओलसर गुहेतल्या मॅंगनीजचा डाग. जळलेलं हाड आतपर्यंत रंग बदलतं. आधी तपकिरी, मग काळं, फार तापलं की राखाडी आणि शेवटी खडूसारखं पांढरं. दोनशे नोंदी खोडून पुन्हा लिहिल्या. आजही काळं हाड दिसलं की मी आधी कड पाहते.

आणखी एक फसवणूक गोल भोकांची. तरसाच्या पोटातून परत आलेली हाडं आम्लानं झिजतात, कडा पातळ आणि चकचकीत होतात, मधे भोकंही पडतात. नवख्याला ते लोलक वाटतात. स्लोव्हेनियातल्या दिव्ये बाबे गुहेत १९९५ मध्ये मिळालेल्या अस्वलाच्या भोकं पडलेल्या हाडाला काहींनी निअँडरथल या नामशेष मानवजातीची बासरी म्हटलं, काहींनी दातांचं काम; तो वाद अजून मिटलेला नाही.

जनावर ओळखणं हा धीराचा भाग. त्यात मी तुम्हाला फार गुंतवत नाही. युरोपातल्या पुस्तकात मेंढी की बकरी हा मोठा प्रश्न असतो. आपल्याकडे त्यात चिंकारा, चौसिंगा आणि काळवीट यांची भर पडते. नीलगाय, सांबर, गाय आणि म्हैस यांच्या मोडक्या तुकड्यांनी तर माझे कित्येक दिवस खाल्लेत. यावर उपाय एकच, खऱ्या, जात माहीत असलेल्या सांगाड्याशेजारी तुकडा ठेवून पाहणं. पुण्यात डेक्कन कॉलेजमध्ये असा संग्रह आहे. आपल्या भाषेत शिकणाऱ्यांची ती मोठी सोय आहे. तरीही अर्ध्याहून जास्त तुकडे ‘मध्यम आकाराचं खुरवालं जनावर’ एवढ्यावरच थांबतात. ते तसंच लिहावं. नाव ठोकून देण्यापेक्षा ते बरं.

मोजणी दोन प्रकारे होते. ओळखलेल्या तुकड्यांची एकूण संख्या, आणि किमान किती जनावरं असावीत ती संख्या. चितळाचे ४० तुकडे आहेत, त्यांत खालच्या डाव्या जबड्याची शेवटची दाढ तीनदा आली, तर किमान तीन चितळं. चाळीस म्हणणारा आणि तीन म्हणणारा, दोघंही खरं बोलतात. अहवालात दोन्ही आकडे नसले तर मी तो अहवाल बाजूला ठेवते.

लहान हाडांकडे दुर्लक्ष करू नका. घुबड उंदीर अख्खा गिळतं आणि हाडं-केसांची गोळी ओकतं. कपारीखाली अशा गोळ्यांचा थर साठतो. सांबर जंगलातही राहतं आणि उघड्यावरही दिसतं. कित्येक उंदीर मात्र आपल्या ठरलेल्या गवताला किंवा झाडीला चिकटून असतात. त्यामुळे त्या काळी गुहेबाहेर काय उगवत होतं हे उंदीर जास्त नेमकं सांगतात. त्यासाठी माती दोन मिलिमीटरच्या चाळणीतून पाण्यानं चाळावी लागते. कंटाळवाणं काम आहे, पाठ मोडते, पर्याय नाही.

प्रयोगशाळेतल्या नव्या तंत्रांचं तुम्ही वाचलं असेलच. हाडातल्या कोलॅजेन या प्रथिनाच्या तुकड्यांवरून जनावर ओळखता येतं. सायबेरियातल्या डेनिसोवा गुहेत दोन हजारांहून जास्त अनोळखी तुकडे असे तपासताना अडीच सेंटिमीटरचा एक तुकडा मानवाचा निघाला. २०१८ मध्ये त्याच्या जनुकांवरून कळलं की त्या मुलीची आई निअँडरथल आणि बाप डेनिसोवन, म्हणजे आणखी एका नामशेष मानवजातीचा, होता. पण सायबेरियातली थंडी आपल्याकडे नाही. आपल्या उष्ण मातीत कोलॅजेन लवकर संपतं, म्हणून हाडाचं कार्बन काळमापनही कित्येकदा हाती लागत नाही. दातावरचं इनॅमल मात्र टिकतं; जनावर गवत खात होतं की पाला, हे त्यातल्या कार्बनवरून कळतं.

महाराष्ट्राचं उत्तर दगडात आहे. गुहेत हाड टिकायला चुनखडी उत्तम, कारण झिरपणारं पाणी हाडातला चुना ओढून नेत नाही, उलट कधी कधी वर चुन्याचा लेपही चढवतं. कर्नूलच्या गुहा चुनखडीत आहेत. आपला बहुतेक प्रदेश बसाल्टचा, आणि अजिंठा, कार्ले, भाजे ही लेणी माणसानं गेल्या दोन-सव्वादोन हजार वर्षांत कोरलेली. तिथे प्रागैतिहासिक थर असणार कुठून? कोकणात जांभा आणि धो धो पाऊस, दोन्ही हाडाचे वैरी. मध्य प्रदेशातल्या भीमबेटकाच्या वालुकाश्मातली मातीही आम्लधर्मी, तिथे दगडी हत्यारं उदंड पण हाडं फार थोडी. आपल्याकडची हाडं गुहेबाहेर आहेत. घोड नदीकाठी इनामगावला ताम्रपाषाणयुगीन वस्तीत ती भरपूर मिळाली, आणि गोदावरी, मांजरा, घोड यांच्या जुन्या गाळात हत्ती आणि रानटी बैलांचे जीवाश्म मिळतात.

तुम्हाला हे शिकायचंच असेल तर गुहेपासून सुरुवात करू नका. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या परवान्याशिवाय कुठेही खणता येत नाही, आणि खणण्याची घाईही नको. शनिवारी खाटकाकडे जा आणि बकऱ्याचा मागचा एक पाय अख्खा, खुरासकट मागून घ्या. नदीतल्या गारगोटीचा तुकडा फोडून धार काढा आणि त्यानं मांस सोडवा. एक नळी दगडानं फोडा, एक वाळवून मग फोडा, एक गल्लीतल्या कुत्र्याला द्या आणि दुसऱ्या दिवशी परत मिळवा. तुकडे मंद आचेवर पाण्यात नुसते तापत ठेवा. उकळी फुटू दिली तर हाडाचा पापुद्रा निघतो. हे काम घरमालकीणबाई गावाला गेल्यावर करा, मला एकदा त्यावरून खोली सोडावी लागली होती. मग टॉर्च आडवी धरून प्रत्येक वण पाहा, काढा, मापा. प्रत्येक पिशवीत चिठ्ठी टाका: काय केलं, कशानं, कोणत्या तारखेला. पेन्सिलीनं लिहा, ओल्या पिशवीत शाई पसरते.